शाळेच्या पटावरचं नाव: एका गोमंतकीय आईच्या युनिव्हर्सल क्रेडिटचं प्रकरण

हे प्रकरण इंग्लंडमधल्या, लंडनबाहेरच्या एका शहरातलं आहे. जिचं आहे तिच्या संमतीने लिहिते आहे. नावं, शहर आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मी शनिवारी सकाळी एका मदतकेंद्रावर स्वयंसेवक म्हणून बसते. सरकारी लाभांचे अर्ज, फेरविचाराची पत्रं आणि अपिलं एवढंच माझं काम. इमिग्रेशनचा सल्ला मी देत नाही, कारण परवान्याशिवाय तो देणं इथे गुन्हा आहे.

ती डिचोलीची, मी सावंतवाडीकडची. वयाने माझ्या भाचीएवढी. पहिल्या दिवसापासून मी तिला ‘बाय’ म्हणत आले आणि ती मला ‘मावशी’. इथेही ती बायच.

पार्श्वभूमी

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्या माणसाला पोर्तुगालचा कायदा आपला नागरिक मानत आला आहे, आणि त्याच्या मुलानातवंडांनाही ती वाट खुली राहिली. आजोबांचा जन्म लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात चढवायचा, मग वडिलांचा, मग स्वतःचा. गोव्यात याला सरळ ‘पोर्तुगीज पासपोर्ट करणं’ म्हणतात. असा पासपोर्ट केला की भारताचं नागरिकत्व जातं, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. पण त्या बदल्यात माणूस युरोपीय संघाचा नागरिक होतो, आणि २०२० संपेपर्यंत ब्रिटनमध्ये व्हिसाशिवाय येऊन नोकरी धरू शकत होता. स्विंडन, साउथॉल इथे गोंयकारांच्या ज्या वस्त्या उभ्या राहिल्या त्या याच वाटेने.

बायचा नवरा जानेवारी २०१९ मध्ये असाच आला. एजन्सीमार्फत गोदामात लागला, आठवड्याला पगार. बायने भारतीय पासपोर्ट सोडला नाही. ती आणि मुलगी फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच्या कुटुंबीय म्हणून आल्या. सप्टेंबर २०२० मध्ये मुलगी रिसेप्शनच्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या, वर्गात बसली. २०२१ च्या वसंतात नवऱ्याने एजन्सीची नोकरी सोडून स्वतःच्या नावावर पार्सल पोचवायचं काम धरलं. म्हणजे तेव्हापासून तो नोकरदार राहिला नाही, स्वयंरोजगारी झाला. हा बदल त्या घरात कुणाला महत्त्वाचा वाटला नव्हता. पुढे सगळं प्रकरण त्याच तारखेभोवती फिरलं.

युरोपीय संघातल्या मुक्त संचाराच्या कायद्याचा गाभा थोडक्यात असा. २००४ च्या युरोपीय निर्देशाप्रमाणे दुसऱ्या सदस्य देशात तीन महिने कुणीही युरोपीय नागरिक राहू शकतो. त्यापुढे राहायचं तर तो नोकरदार, स्वयंरोजगारी, विद्यार्थी किंवा स्वतःच्या पैशावर जगणारा असावा लागतो. अशा माणसाचे कुटुंबीय त्याच्यामागून हक्क मिळवतात, मग त्यांचा पासपोर्ट कुठलाही असो. सलग पाच वर्षं अशी काढली की कायम राहण्याचा हक्क मिळतो. ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिटसारखा लाभ (कमी उत्पन्नाच्या माणसाला सरकारकडून दर महिन्याला मिळणारी मदत) याच ‘राहण्याच्या हक्का’ला बांधलेला आहे.

ब्रेक्झिटमुळे आधीपासून इथे असलेल्यांसाठी वेगळी नोंदणी योजना आली. पाच वर्षं झालेल्यांना सेटल्ड स्टेटस, न झालेल्यांना प्री-सेटल्ड. अर्जाची मुख्य मुदत ३० जून २०२१ ला संपली. या कुटुंबातल्या तिघांनीही वेळेत अर्ज केले आणि तिघांनाही प्री-सेटल्ड मिळालं.

अडचण

ऑक्टोबर २०२३ मध्ये नवरा घर सोडून गेला. मारहाण नव्हती, भांडणं होती आणि कर्ज होतं. बाय एका कार्यालयात आठवड्याला १५ तास सफाईचं काम करत होती. तेव्हाच्या १०.४२ पौंड किमान वेतनाने महिन्याला साधारण ६७५ पौंड हाती. घरभाडंच ८५०.

त्याच शरद ऋतूत आणखी एक गोष्ट झाली. इंग्लंडच्या सरकारी शाळांत दुसरीपर्यंतच्या सगळ्या मुलांना दुपारचं जेवण फुकट असतं. सप्टेंबरमध्ये मुलगी तिसरीत गेली आणि ते थांबलं. तिसरीपासून ते मिळायला पालकांना ठरावीक लाभ चालू असावा लागतो.

बायने एक महिना कुणाला काही सांगितलं नाही. त्यात समाजाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरणारा एक समज तिच्या मनात पक्का होता की बेनिफिट मागितलं तर पुढे सेटल्ड मिळत नाही. हे खरं नाही. प्री-सेटल्ड स्टेटसवर सरकारी मदत घेऊ नये अशी अट नसते, आणि मदत मागितल्याने सेटल्डच्या अर्जाचं नुकसान होत नाही. पण या समजापायी लोक दोन-दोन महिने उपाशीपोटी काढतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि दर वेळी मला त्याचा संताप येतो.

नोव्हेंबरमध्ये तिने ऑनलाइन अर्ज केला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिच्या जर्नलमध्ये, म्हणजे अर्जाच्या ऑनलाइन खात्यातल्या नोंदवहीत, निर्णय आला: नकार. मजकूर असा की तुमच्याकडे प्री-सेटल्ड स्टेटस आहे, पण युनिव्हर्सल क्रेडिटसाठी लागणारा राहण्याचा हक्क त्याने सिद्ध होत नाही, आणि दुसरा कुठला हक्क दिसून येत नाही.

बाय ते पत्र घेऊन आली तेव्हा तिला एकच गोष्ट कळत नव्हती. “मावशी, सरकारनेच राहायला परवानगी दिली ना? मग राहायचा हक्क नाही म्हणजे काय? आतां हांव कितें करूं?” तिचा गोंधळ रास्त होता. प्री-सेटल्ड स्टेटस म्हणजे देशात राहण्याची आणि काम करण्याची परवानगी. लाभासाठी मात्र २०१९ पासून नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे की निव्वळ या परवानगीवर भागणार नाही. तिच्याबरोबर मुक्त संचाराच्या जुन्या कायद्यातला एखादा हक्कही दाखवावा लागतो. तो जुना कायदा बाकी बाबतीत रद्द झाला, पण प्री-सेटल्डवाल्यांच्या लाभांपुरता राखून ठेवला आहे. म्हणजे माणूस एका कायद्याने कायदेशीर रहिवासी आणि दुसऱ्याने जवळजवळ नाहीच.

एक नकार आला की त्याच्यामागून बाकीचे येतात. घरभाड्यासाठी स्थानिक कौन्सिलची जी ऐच्छिक मदत तेव्हा होती ती मागायला आधी युनिव्हर्सल क्रेडिटमधला घरभाड्याचा भाग किंवा हाउसिंग बेनिफिट चालू असावा लागायचा. कौन्सिल टॅक्समधली सूटही याच राहण्याच्या हक्कापाशी अडते. आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे दोन महिन्यांचं भाडं थकलं की घरमालकाला ताबा मागण्यासाठी असा आधार मिळायचा की न्यायाधीशाच्या हाती फारसं काही उरत नसे. आमच्याकडे वेळ किती होता ते या दोन महिन्यांनी ठरवलं होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय तिच्या माहेरच्यांनी सुचवला: वर्षभर गोव्याला ये, मग बघू. बायच्या आईचा जीव तुटत होता आणि मला ते समजत होतं. पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे बारा महिन्यांत सहा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलं की सलग निवास साधारणपणे तुटायचा. तिने इथे काढलेली पावणेचार वर्षं पाण्यात गेली असती. याचा नीट सल्ला घेण्यासाठी मी तिला परवाना असलेल्या इमिग्रेशन सल्लागाराकडे पाठवलं. त्यांनीही हेच सांगितलं.

दुसरा पर्याय, पाच वर्षं भरेपर्यंत थांबणं. फेब्रुवारी २०२५ म्हणजे चौदा महिने. भाडं थकलेलं असताना हा पर्यायच नव्हता. शिवाय तिचं स्टेटस नवऱ्यावरून आलेलं, आणि तो नसताना सेटल्डचा अर्ज सरळ जाईलच असं सल्लागार छातीठोकपणे सांगत नव्हते.

तिसरा, पत्नी म्हणून असलेला हक्क. युरोपीय न्यायालयाने १९८५ मध्ये डियाटा खटल्यात सांगितलं होतं की नवरा-बायको वेगळे राहू लागले म्हणून हक्क जात नाही. घटस्फोट होईपर्यंत ती कुटुंबीयच राहते. तो खटला बर्लिनमध्ये फ्रेंच नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या एका सेनेगली बाईचा होता. पण त्यासाठी नवरा याच देशात काम करत असायला हवा.

चौथा, घटस्फोटानंतर टिकून राहणारा हक्क. लग्नाला तीन वर्षं झालेली असली आणि त्यातलं एक वर्ष त्या देशात गेलेलं असलं तर घटस्फोटानंतरही हक्क राहू शकतो. इथे मात्र २०१५ चा एक निकाल आडवा येतो. आयर्लंडमध्ये राहणाऱ्या कुलदीप सिंग या भारतीयाची लाटव्हियन पत्नी आधी देश सोडून गेली आणि मग घटस्फोटाचा दावा सुरू झाला. न्यायालय म्हणालं की पत्नी गेली त्याच क्षणी त्यांचा हक्क संपला. नंतरच्या दाव्याने तो परत जिवंत होत नाही. लग्नाने युरोपात गेलेल्या आपल्याकडच्या माणसांना हा निकाल ठाऊक असायला हवा, आणि मला भेटलेल्यांपैकी जवळजवळ कुणालाच तो ठाऊक नसतो.

पाचवा पर्याय मुलीकडून येणारा. युरोपीय कामगारांविषयीच्या नियमावलीतलं कलम १० सांगतं की दुसऱ्या सदस्य देशात नोकरी करणाऱ्या किंवा केलेल्या नागरिकाच्या मुलांना तिथे शिकण्याचा हक्क आहे. ‘केलेल्या’ हा शब्द इथे सगळं काही आहे. मुलाला शिकायचं तर त्याला सांभाळणारं माणूस जवळ हवं, म्हणून २००२ च्या बाउमबास्ट निकालाने त्या पालकालाही राहण्याचा हक्क दिला. फेब्रुवारी २०१० मध्ये एकाच दिवशी आलेल्या दोन निकालांनी तो पक्का केला. तेशेरा ही लंडनच्या लॅम्बेथमधली पोर्तुगीज आई. इब्राहिम ही हॅरोमधली सोमाली आई, नवरा डॅनिश. त्याने ऑक्टोबर २००२ ते मे २००३ एवढीच नोकरी केली होती आणि पुढे तो देश सोडून गेला होता. न्यायालयाने म्हटलं की आईकडे स्वतःचे पुरेसे पैसे असण्याची अट लावता येत नाही. ब्रेक्झिटच्या करारातही हा हक्क स्पष्टपणे उतरवला आहे.

इब्राहिमच्या जागी बायला ठेवून पाहा. नवरा युरोपीय, आई नाही, नवरा गेला, मूल शाळेत. फरक एकच होता: नवरा शेवटी स्वयंरोजगारी होता, आणि २०१२ च्या चॉप निकालाप्रमाणे स्वयंरोजगारी माणसाच्या मुलांकडून कलम १० खालचा हा हक्क येत नाही. पण मुलगी इथे असताना वडील काही काळ तरी नोकरदार होते हे दाखवलं की पुरे. फेब्रुवारी २०२० ते २०२१ चा वसंत, हे चौदा महिने सिद्ध करायचे होते.

सहावा, माणुसकीने जगण्याचा हक्क. नोव्हेंबर २०२३ मध्ये, बाय अर्ज करत होती त्याच सुमाराला, इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ‘एटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात निर्णय दिला की प्री-सेटल्ड माणसाला लाभ नाकारताना तो माणूस अन्न-निवाऱ्याविना, प्रतिष्ठेविना राहण्याचा खरा धोका आहे का हे तपासलंच पाहिजे. हा मुळात युरोपीय न्यायालयाच्या २०२१ च्या ‘सीजी’ निकालाचा धागा.

काय केलं, आणि पहिलं पाऊल कुठे चुकलं

फेरविचार मागण्याची मुदत एक महिना. मी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पत्र लिहिलं, आणि ते तिसऱ्या पर्यायावर लिहिलं. बायने मला सांगितलं होतं, “तो लंडनला असतो आता, तिथेच गाडी चालवतो.” मला वाटलं, डियाटा निकाल सरळ लागू आहे. मुलीच्या हक्काचा उल्लेख मी एका ओळीत केला, पुराव्याविना.

फेब्रुवारी २०२४ मध्ये फेरविचारातही नकार आला. त्यात एक वाक्य होतं: पती ऑक्टोबर २०२३ मध्ये देश सोडून गेल्याचं अर्जदाराने मुलाखतीत सांगितलं आहे. मी ते वाचून बायकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. नवरा लिस्बनला गेला होता, त्याचा फोन बंद होता, आणि ही गोष्ट ती कार्यालयातल्या अनोळखी माणसाला सांगू शकली होती, पण आपल्या भागातल्या, आपली भाषा बोलणाऱ्या मावशीला सांगू शकली नव्हती. गावात कळेल ही भीती होती. तिला दोष द्यायची माझी हिंमत नाही. प्रश्न मी विचारायला हवा होता, बंद दाराआड आणि सावकाश. मी तो मदतकेंद्राच्या उघड्या टेबलावर, शेजारी दोन गोंयकार बायका बसलेल्या असताना विचारला होता.

तिसरा आणि चौथा पर्याय तिथेच मिटले. आता एक महिन्यात ट्रायब्युनलकडे अपील करायचं होतं.

इथे पहिला खरा निर्णय आला: पाया कुठला? कलम १० की एटी? डिसेंबरमध्ये मी एटीला मुद्दाम हात लावला नव्हता. तो खटला वर जाण्याच्या वाटेवर होता आणि तशी प्रकरणं अंतिम निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवली जात होती. त्या रांगेत बायचा अर्ज अडकू नये असं मला वाटलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या अपिलाला परवानगी नाकारली आणि ती भीती संपली. आमच्या केंद्रावरचा एक तरुण सहकारी म्हणत होता की आता एटीच पुढे करू, ताजा निकाल आहे, न्यायाधीशांना ठाऊक असेल.

मी तसं केलं नाही, आणि त्याची कारणं अजूनही मला पटतात. एटीसाठी आई किती गरीब आहे हे दाखवावं लागतं. फ्रीजमध्ये काय आहे, कुणी किती उसने दिले, फूड बँकेतून किती पिशव्या आणल्या. बायला ६७५ पौंड पगार होता. ‘एवढ्यात पोट भरतं’ असा वाद कुणीही घातला असता. उद्या तिला चार तास जास्त काम मिळालं की आधार डळमळला असता. कलम १० चा हक्क असा केविलवाणा नाही. मुलगी शाळेत आहे, वडिलांनी इथे नोकरी केली होती, आई तिला सांभाळते. एवढंच. म्हणून अपिलात कलम १० पहिला मुद्दा, आणि तो न पटल्यास एटी दुसरा.

दुसरा निर्णय पुराव्याचा. नवऱ्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या, वर्षअखेरीचा पी-साठ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला), काहीच घरात नव्हतं. जाताना तो कागदांची फाइल घेऊन गेला होता. त्याच्या साउथॉलच्या चुलतभावामार्फत मागवावेत का? बाय तयार झाली असती, पण तिच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की त्या एका फोनची किंमत तिला फार पडेल. आणि कागद आले नसते तर आठवडे गेले असते.

आम्ही दुसरीकडून सुरुवात केली. दोघांचं एक जोडखातं होतं. बँकेच्या ॲपवर जुनी विवरणपत्रं दिसत नव्हती. शाखेत जाऊन लेखी मागावी लागली आणि यायला तीन आठवडे लागले. ती आली तेव्हा आम्ही टेबलावर पसरून पिवळ्या पेनाने खुणा केल्या. फेब्रुवारी २०२० पासून एप्रिल २०२१ पर्यंत, जवळपास प्रत्येक शुक्रवारी, एजन्सीच्या नावाने जमा झालेला पगार. टाळेबंदीच्या आठवड्यांतही. गोदामं बंद नव्हती ना. बायने त्या ओळींवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “तेव्हा तो चांगला होता हो मावशी.” मी काही बोलले नाही.

शाळेकडून पत्र मागितलं. मुख्याध्यापिकेने दुसऱ्याच दिवशी दिलं: प्रवेश सप्टेंबर २०२०, तेव्हापासून सलग पटावर, ने-आण आणि पालकसभा आईकडे. रिसेप्शनचा वर्ग शिक्षणात धरला जातो, निव्वळ नर्सरी धरली जात नाही. म्हणून ही तारीख नेमकी असणं गरजेचं होतं.

अपिलाच्या कागदात मी आणखी एक परिच्छेद घातला, आणि असं प्रकरण हाताळणाऱ्या प्रत्येकाने तो घालावा असं मला वाटतं. २००४ च्या केर निकालात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हटलं होतं की लाभाच्या अर्जाची चौकशी ही दोन पक्षांची कुस्ती नव्हे. जी माहिती सरकारला सहज मिळू शकते ती सरकारने स्वतः शोधावी. नवऱ्याचा राष्ट्रीय विमा क्रमांक आम्हाला ठाऊक होता. २०१९ ते २०२१ त्याच्या पगारातून कर आणि विमा कापला गेल्याच्या नोंदी सरकारकडेच होत्या. त्या काढाव्यात अशी विनंती ट्रायब्युनलला केली.

तोवर घर टिकवायचं होतं. घरमालकाला आम्ही लेखी कळवलं की अपील चालू आहे, निकाल लागल्यास थकबाकी मिळेल, आणि तोवर बाय महिन्याला ५०० पौंड भरेल. तो तयार झाला. मला वाटतं, पत्रासोबत जोडलेल्या ट्रायब्युनलच्या पोचपावतीने ते काम केलं. कौन्सिलच्या संकटनिधीतून दोनदा किराण्याची व्हाउचर्स मिळाली. शाळेने मुलीचं जेवण स्वतःच्या खर्चातून सुरू ठेवलं, आणि वर्गात कुणाला कळू दिलं नाही.

निकाल

सुनावणीची तारीख जुलै २०२४ मधली मिळाली होती. तिच्या अठरा दिवस आधी लाभ देणाऱ्या सरकारी विभागाचं पत्र आलं: निर्णय बदलला आहे, अर्जदार कलम १० खालच्या मुलीची मुख्य सांभाळकर्ती आहे, अर्जाच्या तारखेपासून लाभ देय. कारणांची चर्चा दोन ओळींत. नवऱ्याच्या विम्याच्या नोंदी त्यांनी अखेर पाहिल्या होत्या.

२०२३-२४ च्या दराने एकट्या प्रौढाचा मूळ भाग महिन्याला ३६८.७४ पौंड आणि मुलीचा ३१५ पौंड, कारण ती ६ एप्रिल २०१७ पूर्वी जन्मलेली पहिली मुलगी. घरभाड्याचा भाग वेगळा, आणि पगाराप्रमाणे होणारी कपात वजा. सात महिन्यांची थकबाकी एकदम जमा झाली. त्यातलं बरंचसं घरमालकाकडे गेलं, थोडं उसनवारीत.

निर्णय आपणहून बदलल्यामुळे अपील तिथेच संपलं. न्यायाधीशांनी काही लिहिलं नाही, दुसऱ्या कुणाला दाखवता येईल असा कागद तयार झाला नाही. बायला आनंद झाला, मलाही झाला. पण सुनावणीच्या तोंडावर असे निर्णय बदलतात तेव्हा ज्यांनी अपील केलंच नाही त्यांची मला आठवण येते. पहिल्या पत्रातलं ‘हक्क दिसून येत नाही’ हे वाक्य वाचून जे गप्प घरी गेले, त्यांच्या बँकेच्या ओळींवर पिवळी खूण करायला कुणी बसलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मुख्य चूक माझी होती आणि ती मी वर लिहिली आहे. डिसेंबरच्या पत्रातच कलम १० पहिला मुद्दा करून शाळेचं पत्र जोडलं असतं तर कदाचित फेरविचारातच काम झालं असतं. निदान दोन महिने वाचले असते. नवरा कुठे आहे हे पक्कं ठाऊक नसताना मी त्याच्या ठिकाणावर उभा असलेला मुद्दा निवडला. मूल शाळेत असेल तर आता मी मुलापासून सुरुवात करते. मूल कुठे आहे हे आईला नेहमी ठाऊक असतं.

पहिल्याच दिवशी राष्ट्रीय विम्याच्या नोंदी तपासाव्यात अशी लेखी मागणी जर्नलमध्ये टाकता आली असती. त्याला खर्च नाही आणि मुदत नाही. मी ती अपिलापर्यंत लांबवली.

चाइल्ड बेनिफिट नवऱ्याच्या नावावर होतं आणि तो गेल्यावर बंद पडलं. बायच्या नावाने नवा अर्ज आम्ही जानेवारीत केला. नोव्हेंबरमध्येच करायला हवा होता. ज्या घरांत मुलांचा सगळा सांभाळ आईकडे आहे तिथे हा लाभ आईच्या नावावर असावा, असं मी आता येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला सांगते. नवरे कधी कधी नाराज होतात. होऊ देत.

एका गोष्टीबद्दल माझं मन अजून ठरत नाही. नवरा जानेवारी २०१९ ला आला आणि ऑक्टोबर २०२३ ला गेला. आणखी तीन महिने राहिला असता तर त्याची पाच वर्षं पुरी झाली असती आणि बायचंही गणित वेगळं झालं असतं. सप्टेंबरमध्ये बाय माझ्याकडे आली असती, तर मी तिला ‘जानेवारीपर्यंत कळ काढ’ असं सांगितलं असतं का? कागदावर तो सल्ला बरोबर ठरला असता. पण मोडलेल्या घरात आणखी तीन महिने राहा असं सांगणं हे माझं काम आहे का, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

सेटल्ड स्टेटसचा अर्ज परवानाधारक सल्लागाराने केला आहे आणि तो प्रलंबित आहे. तोवर बायचा लाभ मुलीच्या शिक्षणावर उभा आहे. मुलगी सप्टेंबर २०२६ मध्ये सहावीत जाईल. माध्यमिक शाळेचा अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत करायचा असतो. शाळा बदलताना पटावरच्या नावात एका दिवसाचाही खंड नको, म्हणून ती तारीख बायने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिली आहे, आणि मी माझ्या वहीत.